नगारखान्याची कमान आणि वाजंत्र्यांचे अंगण

रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पालखी मंदिरातून निघते तेव्हा पोलीस दल तिला सशस्त्र मानवंदना देते. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली ही प्रथा स्वातंत्र्यानंतर कोणी मोडली नाही, आणि मोडण्याचे कारणही नव्हते. आपल्याकडे देव हा गावाचा राजा मानला जातो. म्हणून राजाला जे जे मिळे ते ते देवाला दिले जाते. पालखी, छत्र, चवरी, चोपदार आणि सलामी. परंतु राजाच्या इतमामात शस्त्राच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, नौबतीचा मान असे. बंदूक सरकारने सांभाळली. नौबतीचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणत्याही कचेरीच्या दप्तरात नोंदला गेलेला नाही.

तो आज उपस्थित करण्यास निमित्त आहे. २०२४ च्या जूनमध्ये रायगडावरील राज्याभिषेकाला ३५० वर्षे पूर्ण झाली. तेव्हापासून ‘शिवकालीन वाद्यवृंद’ पुन्हा उभा करावा, दरबारी संगीताचे पुनरुज्जीवन व्हावे, अशी भाषा वारंवार कानी येऊ लागली आहे. शिंगे फुंकली जातात, ढोलताशांची पथके भरजरी अंगरखे घालून मिरवतात. तुतारीला तर एवढे दिवस आले की, ती वाजविणारा माणूस त्याच वर्षी एका राजकीय पक्षाचे निवडणूक चिन्ह होऊन बसला. या उत्साहाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. उत्साह नसता तर प्रश्नच उद्भवला नसता. पण आज ज्या घाटाची ढोलताशा पथके आपण पाहतो तो घाट पुण्याच्या गणेशोत्सवात गेल्या काही दशकांत घडलेला आहे. त्याला शिवकालीन म्हणणे म्हणजे कालच्या नाण्यावर जुना शिक्का मारणे होय. नाणे खोटे नाही. शिक्का खोटा आहे.

वस्तुतः मराठ्यांच्या दरबारात वाद्यवादन ही शोभेची बाब नव्हती, ते एक खाते होते. राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तीत राज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखाना, दफ्तरखाना, अंबरखाना यांच्या मांडीला मांडी लावून नगारखाना बसलेला आहे. म्हणजे त्याला नेमणुका होत्या, वेतन होते, सामानाचा हिशेब होता. नगारा आणि निशाण हे सत्तेचे चिन्ह होते. ते वाटेल त्याने वापरावयाचे नव्हते. हत्तीवरून वाजणारी साहेबनौबत आणि जरीपटका एखाद्या सरदाराला बहाल होणे, हा त्याच्या आयुष्यातील सर्वोच्च गौरव. बडोद्यास तर सयाजीराव महाराजांच्या काळापर्यंत गायकवादकांचे खाते ‘कलावंत कारखाना’ याच नावाने चालत होते. ‘कारखाना’ हा शब्द आज आपल्याला गिरणीच्या भोंग्याची आठवण करून देतो. त्या काळी त्यात नौबतीचाही नाद होता.

या खात्याचा उगम कोठला, हे लपविण्याचे कारण नाही. शब्दच फारसी आहे. अबुल फज्लने ‘ऐने अकबरी’त अकबराच्या नक्कारखान्याचे जे वर्णन केले आहे ते इतके तपशीलवार आहे की, त्यावरून आजही सामानाची यादी करता येईल: मोठ्या दमाम्यांच्या सुमारे १८ जोड्या, नगाऱ्यांच्या सुमारे २० जोड्या, ४ ढोल, ९ सुरनाया, शिवाय कर्णे, शिंगे आणि झांजांच्या ३ जोड्या. नौबत पूर्वी केव्हा वाजे आणि नंतर केव्हा वाजू लागली, वादन कोणत्या सात टप्प्यांतून चढत जाई, हेही त्याने लिहून ठेवले. अकबर स्वतः नगारा उत्तम वाजवीत असे, हे सांगावयासही तो विसरला नाही. आपल्या सनईचे नाव या सुरनाईच्या कुळातले आहे. शिवाजीमहाराजांनी रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी लोकांच्या जिभेवर ‘नगारखाना’च राहिला. तेव्हा ज्यांना दरबारी संगीताच्या नावाखाली कसलीही सरमिसळ नसलेली, सोवळ्यातली वस्तू हवी असेल त्यांनी हा उद्योग आरंभीच सोडून द्यावा हे बरे. दक्षिणेत तंजावरच्या भोसल्यांकडे पाहा. तुळजाराजांच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथ आहे, आणि त्याच घराण्यातील दुसऱ्या सरफोजीने आपल्या पदरी युरोपीय वाद्यांचा बँड बाळगला. त्याने जमविलेली युरोपीय संगीताची स्वरलेखने सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. एका मराठी राजाने शास्त्र आणि बँड या दोहोंना एकाच वाड्यात जागा दिली, त्याला त्यात विसंगती वाटली नाही.

मग पुनरुज्जीवन कशाचे करावयाचे? येथे खरी अडचण सुरू होते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने थोडी नाहीत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. वाडांनी सातारकर व पेशवे यांच्या रोजनिश्यांतील उतारे काढले. राजवाडे आणि पुढे भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी तर कागद गोळा करण्यात आयुष्ये वेचली. अशा कागदांना विचारले तर ते वेतन, बिदागी, कपडा आणि इनाम यांविषयी बोलतात. परंतु पहाटेच्या नौबतीत सनईने कोणत्या सुरावर उभे राहावे आणि त्याखाली नगाऱ्याने कोणते बोल टाकावेत, हे कारकुनाने लिहिण्याची रीतच नव्हती. त्याचे काम खर्ची टाकण्याचे. सूर वाजंत्र्याच्या घरात, बापाकडून मुलाकडे जात होता. कागदावर खात्याचा सांगाडा आहे, आणि त्याचा श्वास कागदाबाहेर आहे.

ज्यांना याहून अधिक साधने लाभली त्यांचेही काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तुर्कस्तानातील ‘मेहतर’ हे आपल्या नौबतीचे थोरले भावंडच. सुलतान दुसरा महमूद याने १८२६ साली जानिसारी फौज मोडली, तिच्याबरोबर हे वाद्यदलही गेले. १९१४ च्या सुमारास इस्तंबूलच्या लष्करी संग्रहालयाच्या आश्रयाने ते पुन्हा उभे करण्यात आले, १९३५ साली बंद पडले आणि १९५२ साली पुन्हा सुरू झाले. आज ते प्रवाशांचे मोठे आकर्षण आहे. अली उफ्की या पोलंडमध्ये जन्मलेल्या, सुलतानाच्या सेवेत राहिलेल्या संगीतकाराने सतराव्या शतकात स्वरलेखनात उतरवून ठेवलेल्या काही जुन्या रचनाही त्यांच्या हाताशी होत्या. असे असून या दलाच्या तोंडी आज जी कूचगीते आहेत त्यांतील बहुतेक विसाव्या शतकातली आहेत. पोषाख सुलतानाचा, मिशा सुलतानाच्या, चाल मात्र नव्या राष्ट्रवादाची! मध्ये गेलेली जवळजवळ नव्वद वर्षे त्यांना भरून काढता आली नाहीत. जुने वादक गेले होते.

याउलट व्हिएतनाममधील ह्वे येथील दरबारी संगीताची कथा. तेथील राजवट १९४५ साली संपली आणि नंतर युद्धांनी देश उद्ध्वस्त झाला. तरीही प्रत्यक्ष दरबारात वाजविलेले काही वृद्ध वादक हयात होते. त्यांच्यापुढे तरुणांना बसविण्यात आले. २००३ साली युनेस्कोने या संगीताचा मानवजातीच्या वारशात समावेश केला तेव्हा त्या मानाच्या पाठीशी माणसे होती, केवळ चित्रे नव्हती. या दोन कथांतील अंतर कशाचे आहे? बुद्धीचे नाही, पैशाचेही फारसे नाही. वेळेवर योग्य माणसाच्या अंगणात जाऊन बसण्याचे आहे.

आपली वेळ कोणती, हे समजण्यासाठी दरबार बुडाल्यावर वाजंत्र्यांचे काय झाले ते पाहिले पाहिजे. १८१८ साली पेशवाई गेली. अलीबागचे आंग्र्यांचे संस्थान पुढे वारसाअभावी खालसा झाले. जंजिरा आणि सुधागडकडचा भोर संस्थानचा मुलूख १९४८ पर्यंत टिकला. पण दरबार बुडाला म्हणून वाद्य एका दिवसात थांबत नाही. वादकाच्या पोटाला जमीन होती, इनाम होते. मुंबई राज्याने १९५२ साली जात इनामे आणि १९५३ साली समाजोपयोगी सेवा इनामे रद्द करणारे कायदे केले. जमीनसुधारणेच्या दृष्टीने ते योग्यच होते. त्याविषयी दुमत नाही. मात्र देवस्थान इनामे जात इनामांच्या कायद्यातून वगळली गेली. याचा एक परिणाम असा झाला की, वाड्यापुढचा चौघडा गप्प होत गेला तरी देवळापुढचा चालू राहिला. जेजुरी, कोल्हापूर येथील देवळांशी चौघड्याचे नाते टिकले, पण शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा नगारखाना नुसती इमारत होऊन राहिला. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी महसूल खात्याचे कायदे वाचले पाहिजेत, असे मला नेहमी वाटते ते यासाठी.

दुसरीही एक गोष्ट घडली, आणि ती दिसावयास गौरवाची आहे. सनई नगारखान्यातून उतरून व्यासपीठावर आली. बिस्मिल्ला खाँ यांचे पूर्वज डुमराँवच्या दरबारी नौबतीत होते. त्यांनी स्वतः सनईला मैफलीत असे स्थान मिळवून दिले की, पुढे ‘भारतरत्न’ही तिच्या वाट्याला आले. आपल्याकडे सोलापूरच्या जाधव घराण्याची ‘सुंदरी’ अक्कलकोटच्या दरबारात रुजली आणि तेथून मैफलीत गेली. परंतु सनई एकटीच वर गेली. नगारा, झांज, कर्णा हे तिचे सगेसोयरे दारातच राहिले. व्यासपीठावर तिच्या साथीला दुक्कड आले, तबला आला. एका वाद्याचा उद्धार झाला आणि वृंद मोडला. ज्याला वृंद पुन्हा उभा करावयाचा आहे त्याला मैफलीकडून फारशी मदत मिळणार नाही, त्याला दारापाशीच शोधावे लागेल.

आणि येथेच पेण-रोह्याचा संबंध येतो. रोहे, माणगाव, महाड, म्हसळे या बाजूला लग्नात, पालखीत, शिमग्यात जो खालूबाजा वाजतो तो काय आहे? सनई, ढोल, टिमकी, झांज. राजाश्रय नाही, शाळा नाही, पुस्तक नाही. तरी एक संपूर्ण वृंद, ज्याचे सर्व घटक अजून एकमेकांना ओळखतात. श्वास न तोडता सनईचा सूर धरणारा म्हातारा आणि त्याच्या पापणीच्या इशाऱ्यावर लय बदलणारा ढोलकरी यांचे जे नाते आहे ते कोणत्याही बखरीत सापडणार नाही. खालूबाजात रायगडच्या नौबतीचे बोल जसेच्या तसे मिळतील, असा दावा कोणी करू नये. तो सिद्ध होण्यासारखा नाही. पण वृंद म्हणून वाजणे म्हणजे काय, सनईने कोठे थांबावे आणि चामड्याच्या वाद्याने ती जागा कशी भरावी, याचे ज्ञान ज्यांच्या हातात आहे अशी माणसे राजधानीच्या या मुलखात अजून आहेत. त्यांच्यातील जुने एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्या मुलांसमोर ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या आहेत. एका वरातीला डीजे ठरला की चारपाच जणांची रात्रीची मजुरी गेली, असा हा सरळ हिशेब आहे.

तेव्हा संशोधन आणि वादन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून चालणार नाही. आधी संशोधकांनी ग्रंथ लिहावा आणि मग कलावंतांनी तो वाजवावा, ही कल्पनाच चुकीची आहे. येथे वादन हेच संशोधनाचे साधन आहे. एक साधे उदाहरण घ्या. तांब्याच्या मोठ्या भांड्यावर मढविलेला नगारा घुमतो. त्याचा एक आघात विरण्याआधी दुसरा पडला तर बोल एकमेकांत मिसळतात. म्हणजे भांडे जेवढे मोठे तेवढी लय सावकाश ठेवावी लागणार. जुन्या मापाचा नगारा घडवून तो उंच कमानीवर ठेवून वाजविला, तर त्या काळची लय साधारण किती असू शकेल याचा अंदाज कानालाच येईल. लहान पत्र्याच्या ढोलावर बेभान द्रुत वाजवून तो येणार नाही. दुसरे असे की, कोकणात पावसाळ्यात कातडे सैल पडते, ते शेकून चढवावे लागते. चार महिने पावसात आणि धुक्यात असलेल्या गडावर ही वाद्ये कशी राखीत असतील? हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुचत नाही, वाजंत्र्याला मात्र न विचारता ठाऊक असतो. रायगडावर सिंहासनाच्या जागेवरून हलक्या आवाजात बोललेले समोरच्या नगारखान्याच्या दाराशी ऐकू येते, ही गंमत प्रत्येक सहल करून पाहते. त्या दारावरून नगारा वाजला तर सिंहासनाजवळ काय ऐकू येईल, हे आपण कधी शांतपणे, गर्दी नसताना, पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी घेऊन, ऐकून पाहिले आहे काय?

इंग्लंडमध्ये आर्नोल्ड डॉलमेच याने विसाव्या शतकाच्या आरंभी हेच केले. जुनी वाद्ये स्वतः दुरुस्त केली, नवी घडविली, वाजविली आणि वाजवितानाच जुन्या ग्रंथांचा अर्थ लावला. आपल्याकडे डॉ. अशोक रानडे यांनी बैठकीची लावणी, देवगाणी असे विषय घेऊन संशोधनाचे थेट मंचीय प्रयोगात रूपांतर केले. त्या प्रयोगांत विवेचन होते, पुरावा होता आणि रंगतही होती. शिवाय ज्यांच्या परंपरेतून ती गाणी आली त्यांना ऐकण्याची नम्रता होती. भातखंडे यांनीही घराणेदार गायकांच्या तोंडून चिजा मिळविण्यासाठी कमी पायपीट केली नाही. मार्ग नवा नाही.

आता हे कोणी करावयाचे? माझ्या मते याचा आरंभ पुण्या-मुंबईच्या संस्थांनी न करता पेण आणि रोहे येथील महाविद्यालये व वाचनालये यांनी करावा. पेणचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. एका लहान गावाने गणेशमूर्तींचा धंदा असा वाढविला की, ‘पेणचा गणपती’ हे नाव परदेशांत गेले. हातातील कसबावर गाव जगू शकते, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. मूर्ती पेणहून जगभर जाते आणि तिच्यापुढे वाजणारे मात्र यंत्रातून निघते, एवढीच काय ती विसंगती.

शिक्षकांपैकी ज्यांना मोडी येते त्यांनी आठवड्याला दोन तास चार विद्यार्थ्यांना मोडी शिकवावी. इतकी मोडी वाचणारे लोक आपल्याकडे उरलेले नाहीत, ही खरी लाजेची गोष्ट आहे. कचेऱ्यांतील कारकून मंडळींना माझी विनंती वेगळी आहे. वाजंत्र्यांच्या, गुरवांच्या, नगारखान्याच्या नावे कोणती इनामे होती, ती कोणत्या गावी, केव्हा रद्द झाली, हे जुन्या इनामपत्रकांत आणि फेरफारांत असते. ते कोठल्या कपाटात आहे हे इतिहासाच्या प्राध्यापकाला माहीत नसते, तुम्हाला असते. त्या नोंदींवरून वादकांची घराणी सापडतील, आणि घराणी सापडली की हात सापडतील. विद्यार्थ्यांनी त्या घरी जावे, ध्वनिमुद्रण करावे. आज खिशातल्या दूरध्वनीतही ते करता येते. परंतु मुद्रण करून निघून येऊ नये. जे घेतले त्याचा मोबदला द्यावा, आणि ते कोणाचे आहे हे लिहून ठेवावे.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे अडून बसणे भाग आहे. नगारखाना कमानीवर होता, सिंहासनासमोर होता. पण तो वाजविणारे गुरव, घडशी, मातंग अशा समाजांतले लोक दरबारात कोठे बसत? बहुधा बसतच नसत. त्यांच्या वाद्यावाचून लग्न होत नसे आणि लग्नाच्या पंगतीत त्यांना शेवटी, बाहेर, वाढले जाई. हे फार जुने नाही. ते पाहिलेले लोक आपल्यात आहेत. उद्या दरबारी वृंदाचे पुनरुज्जीवन होईल तेव्हा शहरातील सुशिक्षित तरुण दोन महिन्यांचे शिबिर करून अंगरखे चढवतील, आणि ज्यांच्या घरात हे ज्ञान होते त्यांना ‘लोककलावंत’ म्हणून नारळ व शाल देण्यात येईल. ही भीती काल्पनिक नाही. एका शाळेच्या समारंभात मी हे पाहिले आहे. मुलांना वाजविण्यास शिकविणारा सनईवाला मंडपाबाहेर उभा होता आणि व्यासपीठावर त्याचे नाव चुकीचे घेतले गेले. त्याने तक्रार केली नाही. त्याला सवय होती.

म्हणून या उपक्रमाची पहिली अट अशी असावी की, वृंदाचा प्रमुख हा वाजंत्र्यांपैकी असेल, संशोधक त्याचा चिटणीस असेल. दुसरी अट प्रामाणिकपणाची: कार्यक्रमापूर्वी श्रोत्यांना स्पष्ट सांगावे की, वाद्यांची ही जुळणी कागदांवरून घेतली आहे, ही चाल अमुक गावच्या अमुक घराण्यातून आली आहे, आणि हा भाग आमचा तर्क आहे. तुर्कांनी हे सांगितले असते तर त्यांच्या कूचगीतांना आपण नावे ठेवली नसती. तिसरी गोष्ट पैशाची. जिल्हा परिषद आणि नगरपालिका उत्सवांच्या कमानींवर जो खर्च करतात त्यातील अल्पसा भाग वर्षभर सहा वादकांना ठरावीक मानधन म्हणून मिळाला, तर मुलगा बापापाशी शिकावयास बसेल. नगारखाना हे खाते होते. खात्याला अंदाजपत्रकात ओळ लागते.

प्रयोग मोठा नसावा. पहिल्या वर्षी गड नको, राज्याभिषेकाची गर्दी नको, मंत्री तर नकोतच. भाद्रपद संपून कातडी कोरडी झाली की रोह्याच्या परिसरातील दोनतीन ताफ्यांतील जुने वादक एकत्र बसवावेत, तांब्याच्या नगाऱ्यांची एक जोडी घडवून घ्यावी, आणि महिनाभर पहाटे त्यांनी आपापसांत वाजवून पाहावे. ऐकावयास बाहेरचे कोणी नाही. चार विद्यार्थी, एक मोडी जाणणारा शिक्षक आणि चहा. पालखीच्या दिवशी पोलिसांची मानवंदना होण्याच्या आधी, ग्रामस्थांची अनुमती असेल तर, पावघटका तेवढे वाजवावे. चुकले तर म्हातारे तेथेच सांगतील.